चौदा ठिपके

वाघाची मावशी मांजर, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उंदरांची मावशी मात्र एकच होती, आणि ती एका संशोधन संस्थेच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या उंदीरघरात काम करायची. एकोणीस वर्षं झाली होती. तिचं नाव हजेरीच्या वहीत होतं, तेवढंच. मोठ्या सरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत, आणि एखाद्या नवख्याने "कुणाची मावशी?" असं विचारलं की पहारेकरी आत बोट दाखवून सांगायचा, "त्या दोन हजारांची."

उंदीरघरात शिरणं म्हणजे सोपं काम नव्हतं. चपला बाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगात निळा झगा, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, हातात मोजे, आणि वर एका अरुंद खोपटात उभं राहून वाऱ्याचा झोत अंगावर घ्यायचा. मावशी म्हणायची, "लग्नातसुद्धा मी एवढी नटले नव्हते." माणसांची रोगराई उंदरांना लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप असतो, हे कळलं तेव्हा पहिल्या दिवशी ती पोट धरून हसली होती. तोवर तिने आयुष्यभर उलटंच ऐकलं होतं.

आत फळ्यांवर पारदर्शक पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड. सकाळी सातला दिवे आपोआप लागत, संध्याकाळी सातला आपोआप विझत. सकाळची फेरी हा त्या घराचा न मोडणारा नियम. एकेक पिंजरा उघडून पाहायचं: पाण्याची बाटली गळतेय का, खाणं आहे का, कुणी आजारी आहे का, कुणी मेलंय का. पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला मूठभर कापूस नव्यात ठेवायचा, म्हणजे आपलाच वास येतो आणि उंदीर बावचळत नाहीत. हे पुस्तकातही लिहिलेलं आहे. पण पुस्तकाच्या आधी ते आपल्याला सुचलं होतं, असा मावशीचा दावा होता, आणि तो खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

उंदराची तब्येत तिला घरट्यावरून कळायची. कापसाची दाबलेली चौकोनी वडी पिंजऱ्यात टाकली की ठणठणीत उंदीर ती रातोरात दातांनी आणि पुढच्या पायांनी पिंजतो, ओढून-ताणून गोल वाटी करतो आणि मध्ये गुडूप झोपतो. ज्याचं घरटं बिघडलं त्याचं काहीतरी बिघडलं. अशाच्या कार्डावर खाली उजव्या कोपऱ्यात मावशी पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायची. ठिपका म्हणजे, याच्यावर नजर ठेव. हा तिचा खासगी कारभार होता. कुणी सांगितला नव्हता आणि कुणी कधी विचारलाही नव्हता.

त्या वर्षी एका संशोधक मुलीचे छत्तीस उंदीर मावशीच्या खोलीत आले. मुलीचा प्रबंध अजून पुरा व्हायचा होता, पण मावशीने पहिल्याच दिवशी तिला "डॉक्टरीणबाई" ही पदवी देऊन टाकली होती आणि ती परत घ्यायला ती तयार नव्हती. उंदीर दिसायला साधे, काळे, मुठीत मावावेत इतके लहान.

"यांच्यात विशेष काय?" मावशीने विचारलं.

"यांतल्या चोवीस जणांत माणसाचा एक तुकडा आहे."

मावशीने एक पिंजरा उचलून डोळ्यांजवळ नेला. "कुठला? कान तर उंदराचेच दिसतात."

डॉक्टरीण हसली आणि तिथेच, हातात खाण्याचं भांडं घेऊन, समजावत बसली. शरीराच्या कणाकणात एक लिखाण असतं. त्यात काय लिहिलंय त्यावरून शरीर चालतं. त्या लिखाणात एका जागी तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. तुमच्या-आमच्यात वीसेक वेळा. एका आजारात मात्र चाळीस वेळा, पंचेचाळीस वेळा. तेवढ्या एका गोष्टीने माणूस चाळिशीला आला की ढासळायला लागतो.

"म्हणजे शिलाई मशीन एकाच जागी अडकलं," मावशी म्हणाली. "पुढे सरकायचं सोडून तिथेच टाक्यावर टाके. कापडाचा बोळा होतो."

"अगदी तसंच! मावशी, हे मी प्रबंधात घालू?"

"घाला की. मग पुढे काय होतं त्या माणसाचं?"

"आधी हात जातात. बोटं ऐकेनाशी होतात. मग चाल, मग बोलणं. माणसाचं ते बिघडलेलं लिखाण आम्ही उंदरात घातलं, आणि उंदरालाही तसंच होतं. चार महिन्यांचा झाला की त्याचे पुढचे पाय अडखळायला लागतात." आणि तिने आजाराचं नाव सांगितलं.

ते नाव लांबलचक होतं. मावशीने ते आयुष्यात एकदाच वाचलं होतं, धाकट्या भावाच्या तपासणीच्या कागदावर.

तिने पिंजरा जपून खाली ठेवला. तिचे वडील रस्त्याने झोकांड्या खात चालायचे. थेंबालाही कधी शिवले नाहीत, पण गल्लीने त्यांना दारुडा ठरवलं आणि ते दारुडे म्हणूनच मेले. नंतर भावाला झालं, तेव्हा कुठे कळलं की वडिलांचा काहीच दोष नव्हता. आई-बापाकडून हे येतं किंवा येत नाही, छापा की काटा. मावशी सुटली, भाऊ सापडला. भावाची मुलगी बारा वर्षांची होती आणि तिचं नाणं अजून हवेतच होतं.

आणि आता तेच, जे वडिलांच्या हातात होतं, भावाच्या हातात होतं, ते या मुठीएवढ्यासुद्धा नसलेल्या जिवात होतं. उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने भिंतीला हात टेकले. गुलाबी, चार बोटांचे, नखांसकट. मावशीने एकोणीस वर्षांत लाखभर वेळा ते हात पाहिले असतील. त्या दिवशी तिला ते पाहवेनात आणि त्यांच्यावरून नजरही काढवेना. एवढ्याशा हातात आपल्या घराचं दुखणं राहू शकतं, या विचाराने तिचा ऊर भरून आला. देवळात उभं राहिल्यावर काय वाटायला हवं ते तिला उभ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, तेही उंदराच्या लेंड्यांच्या वासात.

"कुणाचा आहे हो तो तुकडा?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"माणसाचा म्हणालात. कुठल्या माणसाचा?"

डॉक्टरीणबाईला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. "पूर्वी कधीतरी कुठल्यातरी रोग्याने रक्त दिलं असणार. त्याच्या प्रतींवर प्रती निघाल्या. नाव आता कुणालाच माहीत नाही."

वडिलांचंही रक्त एकदा कुणीतरी नळीत भरून नेलं होतं. असेल, नसेल. मावशीने पिंजरा परत फळीवर सरकवला. भावाचं तर ती कुणाजवळच बोलत नसे.

भाऊ शिंपी होता. हाताने शिवलेले त्याचे काज असे की लोक कोट उलटा करून एकमेकांना दाखवत. आता दुकानात बायको मशीन चालवायची आणि तो गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. सकाळी भावजय दुकान उघडायला लवकर जायची, म्हणून भावाला कपडे घालायचं काम मावशीकडे आलं होतं. सात बटणं. ती पटापट लावायची, तो मान वर करून छताकडे बघत राहायचा. दर तीन महिन्यांनी ती त्याला दवाखान्यात न्यायची. तिथले डॉक्टर कागदावरचे प्रश्न वाचून विचारायचे, "शर्टाची बटणं स्वतः लावता?" भाऊ तोंड उघडायच्या आत मावशी म्हणायची, "लावतो की!" डॉक्टर लिहून घ्यायचे. शिंप्याला बटण लावता येत नाही, हे चार लोकांत कशाला सांगायचं?

इकडे उंदीर चार महिन्यांचे झाले आणि औषधाची परीक्षा सुरू झाली. बारा उंदीर निरोगी. चोवीस आजारी. त्यांतल्या बारांच्या पाण्यात औषध, बारांना नुसतं पाणी. कुणाला काय, ते डॉक्टरीणबाईलाही माहीत नव्हतं. मोठ्या सरांच्या कपाटात बंद पाकीट होतं.

"मला कळलं तर माझे डोळे लबाडी करतील," ती म्हणाली. "म्हणून मला फक्त आकडे दिसणार. आणि तुम्हाला तर मी आम्ही काय मोजतो तेही सांगायचं नाही, असा नियम आहे. तुम्ही फक्त दर सोमवारी संध्याकाळी जुना कापूस काढून प्रत्येकाला नवी वडी द्या. बाकी रोजचंच काम."

मावशीने सोमवारी वड्या टाकल्या. मंगळवारी सकाळी सातच्या फेरीला बघते तो काय, काही पिंजऱ्यांत वडी जशीच्या तशी! एका कोपऱ्यात जरा कुरतडलेली, आणि उंदीर उघड्यावर कुडकुडत बसलेला. एक तर तिच्यासमोर कापूस ओढू पाहत होता. हात नेमका पोचायचा नाही. पुन्हा ओढायचा, पुन्हा हुकायचा.

तिने वडी उचलली, दोन बोटांनी भराभर पिंजली, गोल वाटी केली, कड अंगठ्याने आत दुमडून घेतली आणि त्याला उचलून मध्ये बसवलं. तो लगेच झोपला. मग शेजारच्याचं केलं. मग वरच्या रांगेतल्याचं. प्रत्येकाच्या कार्डावर ठिपका दिला. नऊ वाजता ती पिंजरे धुवायला मागच्या खोलीत गेली, आणि दहा वाजता डॉक्टरीण येऊन प्रत्येक घरट्याचा फोटो काढून गेली. दोघींची गाठ पडायचं कारणच नव्हतं.

चार मंगळवार असंच चाललं. उंदराच्या घरट्याला हात लावू नका, असं तिला कुणीच बजावलं नव्हतं. बजावायचं सुचणार तरी कुणाला? उंदराला हाताने घरटं बांधून देणारं माणूस जगात असेल, हे कुठल्या नियमावलीत बसतं?

पाचव्या आठवड्यात पाकीट उघडलं. दुसऱ्या दिवशी मावशी धुण्याच्या खोलीत होती तेव्हा डॉक्टरीण आत आली आणि उलट्या बादलीवर बसली. डोळे लाल होते.

"संपलं, मावशी. शुक्रवारी बैठक आहे. प्रकल्प बंद करणार."

"का हो?"

"औषधाने हातांना काही फरकच नाही. फिरत्या दांडीवर चालण्यात थोडाफार आहे, पण तो धरला तर आहे, सोडला तर नाही. मी घरट्यांवर भरवसा ठेवला होता. घरटं म्हणजे हातांचं काम. वाईटाला एक गुण, उत्तमाला पाच, असे मी फोटोंवरून दिले. औषधवाल्यांना चार. आणि औषध नसलेल्यांनाही चार! ही बघा ना."

तिने फोटो पुढे धरला. "या उंदराला औषधाचा थेंब नाही. दांडीवरून दहा मोजायच्या आत पडतो. आणि घरटं बघा! कड कशी आत दुमडलीय."

मावशीने फोटो पाहिला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती कड तिच्या अंगठ्याची होती.

तिने फोटो परत दिला आणि पाण्याचा नळ उगाच मोठा सोडला. सांगितलं तर? नोकरी जाईल. शिवाय भावाचं बाहेर येईल, आणि मग लोक म्हणतील, हिने मुद्दाम केलं. नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. ती दिवसभर गप्प राहिली. पहारेकऱ्याने जाताना "मावशी, आज भांडण नाही?" असं विचारलं, तरी गप्प.

सकाळी ती नेहमीसारखी भावासमोर उभी राहिली आणि पहिलं बटण हातात घेतलं.

"ताई, राहू दे," तो म्हणाला. "मी बघतो."

"अरे, उशीर होतोय मला."

"रोजच होतो तुला."

तिने चौथं बटण काजात सरकवलं आणि तिचे हात तिथेच थांबले. कापूस पिंजणारी तीच दोन बोटं होती. भावाची बटणं तीच लावत होती आणि दवाखान्यात सांगतही तीच होती, की तो लावतो. तीन वर्षांत डॉक्टरांच्या कागदावर भावाचे हात उतरलेच नव्हते, हिचेच उतरले होते. तिला स्वतःचा असा संताप आला की ती मटकन खाली बसली.

"काय झालं गं?" भाऊ घाबरला.

"काही नाही. माझ्या हातांना जरा जास्तच चांगलं वळण लागलंय," ती म्हणाली, आणि उरलेली तीन बटणं तशीच सोडून निघाली.

डॉक्टरीण नुकतीच येऊन बसली होती. मावशीने बसायचंही नाकारलं. एका दमात सगळं सांगितलं: घरटी, कड, चार मंगळवार. शेवटी भावाचंही सांगितलं.

डॉक्टरीण आधी पांढरीफटक पडली, मग लाल झाली. "मावशी! चार आठवडे! अहो, सहा महिन्यांचं काम आहे माझं!"

"हो."

"आणि तुम्हाला एकदाही वाटलं नाही, विचारावं म्हणून?"

"थंडीने कुडकुडत होते ते. तिथे काय विचारायचं?" मावशी म्हणाली. "काढून टाका मला. म्हणा, भावासाठी मुद्दाम केलं."

"मुद्दाम केलं असतंत तर औषधवाल्यांची घरटी बांधली असतीत!" डॉक्टरीण ओरडली. "तुम्ही तर स्वतःच्याच पायावर धोंडा…" आणि ती बोलता बोलता थांबली. चष्मा काढून तिने टेबलावर ठेवला. "थांबा. सगळ्यांची बांधलीत?"

"छे! ज्यांना जमत नव्हतं त्यांचीच. ज्याचं त्याने केलंय त्याला मी कशाला हात लावू?"

"कुणाकुणाची? आठवतंय?"

"आठवायचं कशाला? कार्डावर ठिपके आहेत ना."

दोघी झगे चढवून आत गेल्या. एवढ्या घाईने की वाऱ्याच्या खोपटात दोघी एकदमच शिरल्या आणि दार लागेना. मग मावशी एकेका कार्डाचा कोपरा दाखवत गेली आणि डॉक्टरीण आकडे लिहीत गेली. छत्तीस पिंजरे, चौदा ठिपके. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. महिनाभर ते ठिपके डॉक्टरीणबाईच्या नाकासमोर होते.

बाहेर येऊन डॉक्टरीणबाईने पाकिटातला कागद उघडला आणि आकडे जुळवायला घेतले. मावशी दाराशी उभी. खोलीत पेन्सिलीचा तेवढा आवाज.

"तुम्हाला कोणाला औषध आहे ते माहीत नव्हतं," डॉक्टरीण मान वर न करता म्हणाली. "नक्की?"

"तुम्हालाच माहीत नव्हतं, तर मला कुठून?"

"निरोगी बारांपैकी एकावरही ठिपका नाही." पेन्सिल पुढे सरकली. "औषधवाल्या बारांपैकी तिघांवर." मग तिने उरलेले आकडे दोनदा मोजले. "आणि औषध नसलेल्या बारांपैकी, मावशी… अकरांवर."

मावशीला आकड्यांचं एवढं काही कळत नसे. पण हे कळलं. ज्यांची तिला दया आली ते नेमके तेच होते. ज्यांना औषध होतं त्यांतल्या नऊ जणांना तिच्या दयेची गरजच पडली नव्हती. ते रात्री अंधारात, बिघडलेलं लिखाण अंगात घेऊन, आपल्या हातांनी आपलं घरटं बांधत होते. डॉक्टरीण उठून तिच्या गळ्यात पडली आणि दोघी रडल्या, एक हसत हसत आणि एक नुसतीच.

मोठे सर मात्र असे विरघळणारे नव्हते. त्यांनी ठिपके पाहिले, कागद पाहिला, मावशीकडे पाहिलं.

"याला पुरावा म्हणत नाहीत. कुणी छापणार नाही, आणि छापूही नये. मावशी, तुम्ही चूक केलीत. लेखी द्यावी लागेल."

"देते."

"आणि आम्हीही केली. तुम्हाला काही सांगायचं नाही, असं ठरवून बसलो." त्यांनी ठिपक्यांवरून पुन्हा नजर फिरवली. "शुक्रवारी मी एक महिना मागून घेतो. सगळं पहिल्यापासून. उंदीर तेच, औषध ज्याचं त्यालाच, पण पिंजऱ्यांचे आकडे बदलून, नवं पाकीट, आणि गुण द्यायला दुसऱ्या विभागाचा माणूस. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आपण उंदीर पोखरतोय. डोंगर निघतो का बघू."

मावशीने त्या खोलीतून बदली मागितली. डॉक्टरीणबाईने दिली नाही. "तुमच्याइतकं बघणारं कुणी नाही. फक्त हात मागे."

तर तो महिना मावशीने हात मागे बांधून काढला. पाणी, खाणं, आणि बाहेर. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड महिना, असं ती पुढे सांगायची, आणि तिच्या आयुष्यात अवघड महिने काही कमी नव्हते. थंडी कुणाला बाधू नये म्हणून सरांनी खोली थोडी उबदार ठेवायला परवानगी दिली होती, पण डोळ्यांना कशी ऊब द्यायची? वडीपाशी धडपडणारा जीव समोर असायचा आणि तिची बोटं पाठीमागे एकमेकांत गुंतून पांढरी पडायची.

तिसऱ्या मंगळवारी ती जरा लवकर पोचली. दिवे लागायचे होते, खोलीत फक्त लाल मंद उजेड होता. खालच्या रांगेतल्या एका पिंजऱ्यापाशी ती वाकली. त्या कार्डावर जुन्या महिन्यातला ठिपका होता. हा तोच, ज्याचं पहिलं घरटं तिने बांधलं होतं. तो अजून जागा होता. त्याने कापसाला हात घातला आणि हुकला. पुन्हा घातला, हुकला. तिसऱ्यांदा त्याची बोटं कापसात रुतली. चार बोटं, तांदळाच्या कण्यांएवढी. त्याने ओढलं. धागा सुटला. तो धागा त्याने तोंडात धरला, मागे वळला आणि आधीच जमवलेल्या ढिगाच्या कडेला खोचला. मग दुसऱ्यासाठी गेला.

घरटं वाकडं होतं. एक बाजू उंच, दुसरी जवळपास नव्हतीच. एवढी बेढब वाटी मावशीने कधी बांधली नसती. ती फरशीवर उकिडवी बसून बघत राहिली. तिला वडील आठवले, त्यांचा गल्लीभर हसं झालेला तोल आठवला, आणि वाटलं, बाबा, हे बघायला हवं होतंत. तुमच्यातलं काहीतरी इथे उंदीर होऊन बसलंय आणि ते हरायला तयार नाही. सातला दिवे लागले तेव्हा तिचे गाल ओले होते आणि हात मागेच होते.

महिन्याअखेरीस दुसरं पाकीट उघडलं. निरोगी उंदरांना साडेचार गुण, औषध नसलेल्यांना दीड, औषधवाल्यांना सव्वातीन. पहिल्या खेपेला ज्या तिघांना औषध असूनही जमलं नव्हतं, त्यांतल्या एकाने उशिरा का होईना घरटं बांधलं होतं. मावशीने त्याच्या पिंजऱ्याचा आकडा विचारला. खालच्या रांगेतलाच होता. प्रकल्प बंद झाला नाही. औषध माणसांपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, पोचेल की नाही, याबद्दल मोठे सर एक शब्द द्यायला तयार नव्हते, आणि मावशीनेही मागितला नाही. त्या छत्तीस उंदरांचं शेवटी काय होतं ते तिला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांत ते तिने कधी स्वतःपासून लपवलं नव्हतं. त्या दिवशी तिने प्रत्येकाला शेवटची नवी वडी दिली आणि प्रत्येक कार्डाला कपाळ टेकवलं. पहारेकऱ्याने काचेतून पाहिलं, पण तिला चिडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात भावाची तपासणी होती. डॉक्टरांनी कागद ओढला.

"शर्टाची बटणं स्वतः लावता?"

भाऊ सवयीने मावशीकडे बघत होता.

"नाही," मावशी म्हणाली. "मी लावते. तीन वर्षं मीच लावतेय. मी खोटं सांगत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. भावाचा चेहरा उतरला. मग त्याने हळूच शर्टाला हात घातला आणि एकेक करत सातही बटणं काढून टाकली. काढणं त्याला अजून बऱ्यापैकी जमत होतं.

"घड्याळ लावा, डॉक्टर," तो म्हणाला. "बघू तरी."

पहिलं बटण बोटांतून चार वेळा निसटलं. मावशी खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. पाचव्यांदा ते काजाच्या तोंडाशी आलं, थरथरलं, आत गेलं. भावाच्या कपाळावर घाम आला होता. दुसरं. तिसरं मध्येच सुटलं, पुन्हा लावलं. एकेकाळी दिवसाला शंभर काज शिवणारा माणूस आपल्याच शर्टाच्या काजाशी झुंजत होता आणि मावशीला ते काज नव्हेच, गुलाबी चार बोटं दिसत होती, हुकणारी आणि पुन्हा ओढणारी.

सहावं बटण लागलं तेव्हा काज संपले आणि खाली एक बटण उरलं. पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलं होतं आणि अख्खा शर्ट एका बाजूने वर चढला होता.

भावाने खाली पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "ताई, बघ! शिंप्याचा शर्ट!"

"अकरा मिनिटं," डॉक्टर म्हणाले आणि तो आकडा त्यांनी कागदावर लिहिला.

मावशीने शर्ट सरळ केला नाही. भाऊ तसाच, एक खांदा वर करून, दवाखान्याच्या पायऱ्या उतरला आणि भर रस्त्याने घरी चालत आला. मावशी त्याच्यामागून चालत होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून.